हिंगोलीचा हरिसिंग आणि कादंबरींतील अमीर अली

इतिहाससंशोधक आणि कल्पित वाङ्मय यांचें नातें सामान्यतः सावत्रपणाचें असतें. बखरींत एखादी अद्भुत गोष्ट आली कीं ती आपण बाजूस सारतों. नाटक-कादंबऱ्यांस तर दप्तराच्या खोलींत पाऊलहि टाकूं देत नाहीं. कागद, शिक्का, मिति आणि हस्ताक्षर हीं आपलीं प्रमाणें. हा बाणा योग्यच आहे व तो सोडावा असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि या प्रमाणांची एक मर्यादा आहे. माणसानें काय केलें हें कागद सांगतो. परंतु तें करीत असतां माणूस स्वतःची समजूत कशी घालीत होता, आणि त्याच्या शेजारीं राहणाऱ्यांस तें दिसलें कसें नाहीं, हें कागद क्वचितच सांगतो. हें सांगण्याचें काम फार प्राचीन काळापासून नाटकांतील व कथांतील पात्रांनीं केलेलें आहे.

इतिहास घडलेलें सांगतो, काव्य घडण्याजोगें सांगतें, म्हणून काव्य तत्त्वाच्या अधिक जवळ जातें, असें ॲरिस्टॉटलचें मत प्रसिद्ध आहे. भरतमुनींनीं नाट्य म्हणजे लोकांच्या वर्तनाचें अनुकरण असें मानलें. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘हॅम्लेट’चें भाषांतर प्रसिद्ध केलें तेव्हां त्यास ‘विकारविलसित’ हें नांव दिलें. नाटक म्हणजे मनुष्याच्या विकारांचा खेळ, हा भाव त्या नांवांतच आहे. हीं मतें मोठीं आहेत, पण तीं नुसतीं उच्चारून संशोधकाचें समाधान होत नाहीं. त्यांची परीक्षा एखाद्या नक्की प्रकरणावर झाली पाहिजे. असें एक प्रकरण मराठवाड्यांतील हिंगोली येथें घडलेलें आहे. त्यांत एका बाजूस खरा मनुष्य आहे, कापडाचा व्यापारी हरिसिंग. दुसऱ्या बाजूस कल्पित पात्र आहे, अमीर अली. आणि हें पात्र ज्यानें निर्माण केलें तो लेखक त्या खऱ्या मनुष्याचा गिऱ्हाईक होता. कल्पना आणि वस्तुस्थिति इतकीं जवळ आलेलीं उदाहरणें विरळा सांपडतात.

प्रथम स्थळाचा विचार करूं. आजचा हिंगोली जिल्हा परभणी जिल्ह्यांतून १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला. औंढ्याचा नागनाथ व नामदेवांचें म्हणून मानलेलें नरसी यांमुळें हा प्रदेश यात्रेकरूंस ठाऊक आहे. परंतु एकोणिसाव्या शतकांत हिंगोलीचें महत्त्व लष्करी होतें. निजामाच्या खर्चानें पोसलेली व इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालीं असलेली जी फौज होती, तिचें एक ठाणें वऱ्हाडच्या सीमेजवळील या गांवीं होतें. १८५३ च्या तहानंतर हीच फौज हैदराबाद कंटिंजंट या नांवानें ओळखली जाऊं लागली. फौज गेली तरी रिसाला बाजार, तोफखाना, पलटन, पेन्शनपुरा हीं वस्त्यांचीं नांवें तिची आठवण ठेवून आहेत.

छावणी वसली कीं तिच्यामागून बाजार येतो. शिपायांस दरमहा रोख पगार मिळतो, अंमलदारांस दूरदेशींचा माल लागतो, आणि त्या दोहोंच्या आशेनें वाणी, बजाज, सराफ, कलाल, बैलवाले असे सर्व प्रकारचे लोक गोळा होतात. अशा बाजाराचा एक विशेष लक्षांत घेतला पाहिजे. जुन्या गांवांत मनुष्याची ओळख त्याच्या कुळावरून, वतनावरून, सोयरिकीवरून होते. अमका कोणाचा कोण, हें पाटील-कुलकर्ण्यांस व बारा बलुत्यांस तोंडपाठ असतें. छावणीच्या बाजारांत सगळेच बाहेरचे. तेथें मनुष्याची ओळख त्याच्या दुकानावरून, उधारीवरून आणि बोलण्याच्या गोडीवरून होते. व्यवहार चोख असला कीं मनुष्य चोख, असें अनुमान तेथें सहज निघतें. हरिसिंगाचें सारें भांडवल म्हणजे हें अनुमान होय.

हरिसिंगाची हकीकत फिलिप मेडोज टेलर यानें आपल्या ‘ठगाचा कबुलीजबाब’ अशा अर्थाच्या इंग्रजी कादंबरीच्या प्रस्तावनेंत दिलेली आहे. तिचा सारांश असा. हिंगोलीच्या छावणींत हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. टेलर स्वतः व इतर पुष्कळ मंडळी त्याच्याशीं देवघेव करीत. एकदां त्यानें मुलकी कामावरील अंमलदार कॅप्टन रेनल्ड्स याजकडे, मुंबईहून कांहीं कापड आणावयाचें आहे म्हणून परवाना मागितला. परवाना मिळाला. वस्तुतः तें कापड हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या एका गांवच्या व्यापाऱ्याचें होतें आणि तो व्यापारी माल घेऊन वाटेवर आहे, हें हरिसिंगास ठाऊक होतें. त्यानें त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना व बैल हांकणाऱ्यांना ठार केलें, मिळालेल्या परवान्यावर तोच माल हिंगोलीस आणला आणि छावणींत उघडपणें विकला. पुढें पकडला गेल्यावर त्यानें आपण होऊन हें सांगितलें नसतें तर तें कधींच उघडकीस आलें नसतें. आणि सांगतांना जणूं कांहीं एक नामी थट्टा केली अशा फुशारकीनें त्यानें सांगितलें.

प्रस्तावनेंतील पुढचा भाग याहून भयंकर आहे. या टोळीनें छावणीच्या बाजारांतच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आंत, अनेकांचे प्राण घेतले होते आणि प्रेतें पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पांचशें यार्डांवर पुरलीं होतीं. जागा म्हणजे नदीस मिळणारा एक लहानसा कोरडा ओहळ, चरापेक्षां फार रुंद नव्हे कीं खोल नव्हे, आणि छावणींतून बाहेर पडणाऱ्या रहदारीच्या रस्त्याला लागून. हिंगोलीची नदी कयाधू. माफीचे साक्षीदार एकामागून एक जागा अगदीं शांतपणें दाखवीत होते आणि टेलरच्या समक्ष त्या उकरल्या जात होत्या. अखेर तें दृश्य असह्य होऊन पुढील शोध सोडून द्यावा लागला.

असा प्रकार हिंगोलीसच घडला असें नाहीं. ठगांच्या बंदोबस्तासाठीं प्रसिद्ध असलेला विल्यम स्लीमन हा १८२२ ते १८२४ या काळांत नरसिंगपूर जिल्ह्याचा मुलकी अधिकारी होता. आपल्या जिल्ह्यांत होणारी प्रत्येक चोरी आपणांस कळते अशी त्याची समजूत होती. पुढें त्यानेंच लिहून ठेविलें कीं, त्या वेळीं कचेरीपासून चारशें यार्डांवरील कंदेली गांवांत ठगांची एक टोळी राहत होती, आणि त्याला त्याची वार्ताहि नव्हती. टेलरनें स्लीमनचा हा उतारा प्रस्तावनेंत घेऊन त्याच्या जोडीस हिंगोली ठेविली आहे. १८३१-३२ च्या सुमारास हीं प्रकरणें बाहेर आलीं तेव्हां कित्येक जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांचा त्यांवर विश्वास बसेना. आपल्या डोळ्यांदेखत असें होतें तर आपणांस कळलें असतें, हाच त्यांचा युक्तिवाद होता.

आतां लेखकाकडे वळूं. टेलरचा जन्म लिव्हरपूल येथें १८०८ सालीं झाला. १८२४ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, तो मुंबईस एका व्यापाऱ्याच्या पेढींत नोकरीसाठीं आला. ती पेढी डबघाईस आलेली निघाल्यामुळें त्याच वर्षीं निजामाच्या फौजेंत शिरला. पुढें लहान वयांतच त्याला निजामाच्या नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत पोलिसाचें काम मिळालें. १८३२ सालीं सागरहून निजामाच्या मुलखांत पाठविलेल्या माफीच्या साक्षीदारांपैकीं अमीर अली याची व त्याची ओळख झाली. या इसमानें ७१९ खुनांत आपला हात असल्याचें कबूल केलें होतें. टेलर दिवसच्या दिवस अशा जबान्या उतरून घेत असे. त्या अनुभवावरून लिहिलेली त्याची कादंबरी लंडन येथें १८३९ सालीं तीन भागांत प्रसिद्ध झाली. पुढें सुरपूर, नळदुर्ग, वऱ्हाड येथें त्यानें मोठ्या जबाबदारीचीं कामें केलीं आणि १८७६ सालीं तो मरण पावला. मराठी मुलखाशीं त्याचा संबंध असा जवळजवळ जन्माचा होता.

कादंबरींतील बहुतेक सर्व गोष्टी खऱ्या असून प्रसंगांची सांगड घालण्यापुरतीच कल्पना वापरली, असें टेलर सांगतो. हें विधान जसेंच्या तसें घेण्याचें कारण नाहीं. परंतु एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. हरिसिंग प्रस्तावनेंत आला, कथेंत आला नाहीं. ज्याला लेखकानें दुकानावर बसलेला पाहिला, ज्याच्याशीं व्यवहार केला, तो मनुष्य नायक झाला नाहीं. ज्याच्याशीं परिचय बंदिवान म्हणून झाला तो झाला. याचें कारण उघड दिसतें. हरिसिंगाविषयीं टेलरजवळ कृत्यें होतीं, पण मन नव्हतें. अमीर अली बोलत होता. पात्र निर्माण होण्यास कृत्य पुरत नाहीं, वाणी लागते. तथापि हरिसिंगाचें दुकान कथेंतून अजीबात गेलें नाहीं. अमीर अलीस लहानपणीं वाढविणारा ठग इस्माईल हा गांवांत कापडाचा व्यापारी म्हणूनच वावरतो.

कथेचा सांगाडा थोडक्यांत असा. अमीर अली मूल असतां त्याच्या आईबापांना ठगांनीं वाटेंत ठार केलें. त्याच टोळीचा नायक इस्माईल यानें त्याला पोटच्या पोराप्रमाणें वाढविलें. मुलाला खरी गोष्ट ठाऊक नाहीं. त्याची बापावर पूर्ण भक्ति आहे. वयांत आल्यावर तो ठगांची दीक्षा घेतो, नांवलौकिक मिळवितो, विवाह करतो, बायकोमुलांवर जीव टाकतो. मध्यंतरीं चितू पेंढाऱ्याच्या लष्करांतहि जाऊन येतो. अखेर आपण ज्या एका स्त्रीस मारलें ती आपली सख्खी बहीण होती, हें त्याला कळतें. पकडला जाऊन तो माफीचा साक्षीदार होतो आणि आईचा प्राण घेणाऱ्या गणेशाला त्याच्याच साक्षीनें फांशी होते. ही सर्व हकीकत तो स्वतः एका साहेबास सांगतो; साहेब मधूनमधून एखादाच शब्द बोलतो. म्हणून ही कादंबरी असली तरी तिची रीत नाटकाची आहे. रंगभूमीवर एकच पात्र उभें आहे आणि आपण प्रेक्षक आहों.

या पात्रांत मनुष्यस्वभावाच्या तीन गोष्टी ठळक दिसतात. पहिली, ममतेची कुंपणें. अमीर अलीच्या ठायीं दया नाहीं असें नव्हे. ती भरपूर आहे, पण ती कुंपणाच्या आंत आहे. बाप, बायको, मुलें, सोबती यांसाठीं तो रडतो. वाटसरूसाठीं रडत नाहीं. बहिणीच्या मृत्यूनें तो खचतो तोहि ती बहीण निघाली म्हणून. तीच स्त्री परकी असती तर ७१९ मध्यें तिची नुसती गणना झाली असती. दुसरी, कसबाचा अभिमान. कोणाला कसें बोलण्यांत गुंतविलें, इशारत कशी अचूक वेळीं झाली, हें सांगतांना त्याची वाणी खुलते. तिसरी, कर्तृत्वाची वांटणी. सुफळ झालें तें आपल्या हुशारीनें. पाप लागेल तें दैवानें, शकुनानें, देवीच्या आज्ञेनें. यश आपल्या नांवावर व दोष दुसऱ्याच्या नांवावर मांडण्याची ही वही ठगापुरतीच असते असें कोण म्हणेल?

संस्कृत व इंग्रजी नाटकांशीं ताडून पाहिलें म्हणजे यांतील नवें काय तें कळतें. ‘मृच्छकटिकां’तील शर्विलक ब्राह्मण असून चोर आहे. चारुदत्ताच्या भिंतीला भोंक पाडतांना त्याचा आकार कोणता असावा याचा तो शास्त्राधारें विचार करतो आणि मोजण्यासाठीं दोरी नाहीं म्हणून गळ्यांतील जानवें उपयोगांत आणतो. कसबाचा हा अभिमान अमीर अलीच्या जातीचाच आहे. परंतु शर्विलकाची चोरी मदनिकेच्या सुटकेसाठीं असल्यानें प्रेक्षक त्याला हंसत हंसत क्षमा करतो. ‘ऑथेल्लो’ नाटक मराठींत महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ सालीं आणलें आणि देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० सालीं त्याच कथेवर उभा राहिला. त्यांतील इयागोस सर्व जण ‘प्रामाणिक’ म्हणतात, आणि ऑथेल्लो तर अखेरपर्यंत म्हणतो. हिंगोलीच्या बाजारानें हरिसिंगास हीच पदवी दिली होती. ‘मॅक्बेथ’मध्यें मात्र खून केल्यावर खुन्याची झोंप उडते. पाप मनाला डंख मारतें आणि तें चेहऱ्यावर दिसतें, ही आपली आवडती समजूत त्या नाटकानें दृढ केली आहे.

हिंगोलीचा अनुभव या समजुतीच्या उलट आहे. हरिसिंगाची झोंप उडाली नाहीं. मेलेल्याचा माल त्यानें मोजून, भाव करून विकला. घेणाऱ्यांत त्याच छावणींतील मंडळी होती. त्याच्या चेहऱ्यावर कांहीं दिसलें असतें तर गिऱ्हाईक परत गेलें असतें. सदसद्विवेकबुद्धीचा डंख हा सर्वांस सारखा नसून, ज्यांस आपण आपलें मानतों त्यांच्यापुरताच तो पुष्कळदां लागतो, हें या प्रकरणांतून निघतें आणि अमीर अलीचें पात्र तेंच विस्तारानें दाखवितें. या एका बाबतींत सामान्य कादंबरीकार टेलर हा महाकवीपेक्षां वस्तुस्थितीच्या अधिक जवळ गेला, तो प्रतिभेच्या बळावर नव्हे; हिंगोलीच्या ओहळाकांठीं उभा राहिला होता म्हणून.

परंतु या पात्राची खरी शिकवण याहूनहि पुढें आहे, आणि ती खुन्याविषयीं नसून विश्वास ठेवणाऱ्याविषयीं आहे. कादंबरी वाचीत असतां वाचकास एक अनुभव येतो. अमीर अलीचें रूप देखणें, पोषाख नीटनेटका, बोलणें अदबीचें. त्याच्या विवाहाच्या वेळीं आपणांस बरें वाटतें, त्याचा मुलगा मरतो तेव्हां वाईट वाटतें, एखाद्या प्रसंगीं तो पकडला जातो कीं काय अशी काळजीहि वाटूं लागते. मग आपण दचकतों. वाटेंत ज्यांचे प्राण गेले त्यांचीं नांवें आपण तोंवर विसरलेलों असतों. म्हणजे पुस्तक मिटेपर्यंत आपण हिंगोलीच्या बाजारांतील गिऱ्हाईक झालेले असतों. गोड बोलण्यानें व नित्याच्या सहवासानें विश्वास कसा बसतो, हें कोणत्याहि चौकशीच्या कागदावरून कळणार नाहीं. कारण चौकशीचा कागद खुनी कोण हें ठरल्यानंतर लिहिलेला असतो. पात्र मात्र आपणांस तें ठरण्यापूर्वींच्या जागीं नेऊन बसवितें. आपण हरिसिंगास ओळखलें असतें, ही घमेंड तेथें गळून पडते.

ठगांचा धंदाहि नाट्याचाच होता, हें येथें लक्षांत ठेवावें. त्यांच्या ‘रमासी’ या गुप्त बोलीचा कोश स्लीमननें १८३६ सालीं कलकत्त्यास छापविला. त्यांत कामाची वांटणी नांवानिशीं दिसते: वाटसरूस गोडीगुलाबीनें सोबतीस घेणारा ‘सोथा’, गळ्यास रुमाल घालणारा ‘भुर्तोट’, खड्डे खणणारा ‘लुघा’. सोथा म्हणजे नटच. कधीं शिपाई, कधीं सावकाराचा माणूस, कधीं व्यापारी अशीं सोंगें तो घेई. फरक इतकाच कीं प्रेक्षकास आपण नाटक पाहत आहों याची कल्पना नसे.

येथें दप्तराचा अभ्यासक एक रास्त आक्षेप घेईल. कादंबरी जबान्यांवर उभी आहे हें खरें, पण जबान्या कितपत खऱ्या? माफीचा साक्षीदार जीव वांचविण्यासाठीं बोलतो. त्यानें सर्व सांगितलें व सोबती पकडून दिले तर फांशी टळते, हात राखला तर टळत नाहीं. शिवाय तो एका परक्या अंमलदारापुढें बोलतो. विचारलेल्या प्रश्नाच्या आकाराप्रमाणें उत्तराचा आकार होतो. आणि तें उत्तर दुसऱ्या भाषेंत उतरतें. म्हणजे जबानी देतांनाहि ठग एक सोंगच घेत होता, सर्व सांगून मोकळा झालेल्या मनुष्याचें. फिरंगिया नांवाच्या प्रसिद्ध साक्षीदारानें स्लीमनला सांगितलें कीं, वेरूळच्या लेण्यांत ठगांच्या कामाच्या सर्व क्रिया कोरलेल्या आहेत. वेरूळ पाहिलेल्या कोणासहि या विधानाची किंमत सांगावयास नको. परंतु त्यावरून एवढें कळतें कीं, आपल्या धंद्यास देवाधर्माचा व पुराणेपणाचा आधार शोधण्याची त्याला गरज वाटत होती आणि ऐकणाऱ्यास तो आधार हवाच होता.

अलीकडील संशोधनानें हा आक्षेप बळकट केला आहे. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनीं १९६९ सालच्या निबंधांत ठगांचा प्रश्न त्या काळच्या माळव्याच्या मोडक्या राज्यव्यवस्थेंत बसवून दाखविला. किम वॅग्नर यांनीं २००७ सालच्या ग्रंथांत, ठग म्हणजे देवीस नरबळी देणारा एखादा सर्वदेशी पंथ होय, ही जुनी इंग्रजी कल्पना टिकत नाहीं, मात्र वाटसरूंचे खून करणाऱ्या टोळ्या अगदींच कल्पित नव्हत्या, असा मध्यममार्ग सुचविला. देवीची भक्ति, शकुन पाहणें, दसऱ्यास शस्त्रपूजा करणें या गोष्टी शिपायांत, पेंढाऱ्यांत व सामान्य रयतेंतहि होत्या; त्या ठगांचें लक्षण ठरत नाहींत. ‘ठग’ या शब्दाचा अर्थहि काळाप्रमाणें हललेला आहे. जलालुद्दीन खल्जीच्या वेळीं सुमारें एक हजार ठग धरून त्यांस लखनौतीकडे धाडल्याचें झियाउद्दीन बरणी लिहितो. ते आणि १८३० चे एकच, असें मानण्यास आधार नाहीं. उलट १८३६ च्या कायद्यानें ठगांच्या टोळींत असणें एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरेसा ठरला, तेव्हां या शब्दाची व्याप्ति ठरविणें हा केवळ कोशकाराचा प्रश्न राहिला नाहीं. त्यावर माणसांचें आयुष्य अवलंबून राहिलें.

मग कादंबरीचें व जबानीचें काय करावें? आमच्या मतें दोहोंस दोन निरनिराळे प्रश्न विचारावे. किती खून झाले, कोणत्या देवीच्या नांवानें झाले, टोळ्या देशभर जोडलेल्या होत्या काय, हे प्रश्न अमीर अलीस विचारूं नयेत. तो वाटेल तें सांगेल, आणि त्याचा लेखक त्यास वाटेल तें सांगूं देईल. मनुष्य स्वतःपुढें आपलें कृत्य कसें मांडतो, ममतेचें कुंपण कोठें घालतो, आणि ऐकणारा त्याला कसा वश होतो, हे प्रश्न मात्र त्याला अवश्य विचारावे. या बाबतींत तो खोटें बोलला तरी त्याचें खोटें बोलणें हाच पुरावा आहे. कल्पित पात्र घटनेचा साक्षीदार नव्हे, स्वभावाचा आहे. हा भेद पाळला म्हणजे कादंबरीस दप्तरांत जागा देण्याची भीति उरत नाहीं.

या पात्राची एक उणीव मात्र नमूद केलीच पाहिजे, कारण तीहि मनुष्यस्वभावाचाच भाग आहे. टेलरनें वाणी दिली ती मारणाऱ्यास. मुंबईहून कापड घेऊन निघालेला तो व्यापारी, त्याचे नोकर, त्याचे बैल हांकणारे यांस नांवहि मिळालें नाहीं. हरिसिंगाचें नांव पावणेदोनशें वर्षें टिकलें. त्यानें ज्यांस मारलें त्यांचें एक दिवसहि नाहीं. वाचकांस खुनी आवडतो, मेलेला आवडत नाहीं. नाटकांत राक्षसाचें काम चांगल्या नटाला मिळतें आणि मरणाऱ्या द्वारपालाचें कोणासहि. परंतु इतिहाससंशोधकास ही आवड-निवड परवडणारी नाहीं. त्या व्यापाऱ्याचेंहि घर होतें. त्या घरीं त्याची वाट पाहिली गेली असली पाहिजे. मुंबईच्या ज्या आडत्याकडून माल उचलला त्याचें येणें थकलें असलें पाहिजे, तगादा गेला असला पाहिजे, आणि उत्तर न आल्यानें वहींत तें खातें बुडीत पडलें असलें पाहिजे.

म्हणून जुने कागद जमविणाऱ्या मंडळींस या प्रकरणावरून एक सूचना करावीशी वाटते. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगांव या भागांतील जुन्या सावकारांच्या वह्या, हुंड्या, तगाद्याचीं पत्रें, जकातीचीं दस्तकें व रहदारीचे परवाने यांचीं रुमालें कोणाच्या संग्रहीं असतील तर १८२० ते १८३५ हा काळ बारकाईनें पाहावा. अशा कागदांस आपण सामान्यतः दुय्यम समजतों; राजकारणाचें पत्र मिळालें कीं तें बाजूस पडतें. पण एकाएकीं थांबलेलें खातें, उत्तर न आलेलें पत्र, माल निघाल्याची नोंद असून पोंचल्याची नसलेली यादी, यांचाच त्या नांव हरवलेल्या माणसांस आधार आहे. खुन्याची जबानी इंग्रजींत छापली गेली. मेलेल्यांची जबानी असलीच तर ती मोडी लिपींत, कोणाच्या तरी माळ्यावर आहे.

आणि दुसरी सूचना अस्सलपणाविषयीं. अस्सल कागद म्हणजे खरा कागद, असें समीकरण आपल्या मनांत नकळत बसलेलें असतें. हरिसिंगास मिळालेला परवाना आज कोणाच्या हातीं आला तर त्याची परीक्षा कशी होईल? शिक्का खरा, सही खरी, मिति खरी, मुंबईचा रस्ता खरा, गठ्ठ्यांतील कापडहि खरें. कागदाच्या कोणत्याहि कसोटीस तो उतरेल. खोटा होता तो फक्त मागणारा, आणि तें त्या कागदावर लिहिलेलें नाहीं. परवाना एवढेंच सिद्ध करतो कीं तो कोणी मागितला व कोणी दिला. माल कोणाचा, हें तो सिद्ध करीत नाहीं. देणाऱ्या अंमलदारानें चूक केली ती कागद वाचण्यांत नव्हे, माणूस वाचण्यांत. माणूस वाचण्याचा अभ्यास करण्यास दप्तर अपुरें पडतें. तेथें इयागो, शर्विलक आणि अमीर अली यांच्या संगतींत कांहीं काळ घालविलेला मनुष्य, हातीं आलेल्या अस्सल कागदासहि, हा मागणारा कोण, असा प्रश्न अधिक लवकर विचारील.